कळा गेल्या, मग क्वर्टी कशाला?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-प्रदर्शनांत काही वस्तू ठरलेल्या असतात. माती सुकली की आपोआप पाणी सोडणारी कुंडी, काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी आणि तारा लोंबणारा एक हातमोजा. मोज्याच्या बोटांवर वाकण्याचा अंदाज घेणाऱ्या पट्ट्या, मनगटावर नखाहून लहान गती-सेन्सर, बाजूला आर्डुइनो नावाच्या छोट्या नियंत्रकाची हिरवी-निळी पाटी. विद्यार्थी बोटं वाकवतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षर उमटतं. परीक्षक मान डोलावतात. हुबळी-धारवाड पट्ट्यात अशा मोज्यांना तोटा नसावा. उणकल तलावापासून हाकेच्या अंतरावर विद्यानगर आहे. तिथे १९४७ साली सुरू झालेलं बी.व्ही.बी. महाविद्यालय आता केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून उभं आहे. धारवाडच्या दिशेने गेलं की एसडीएम, मग ट्रिपल आयटी आणि २०१६ पासून आयआयटीसुद्धा. एका शहरजोडीच्या मानाने बोटं पुष्कळ, सेन्सरही पुष्कळ. प्रश्न पडद्यावर काय उमटतं याचा आहे. ती बहुतेक वेळा रोमन अक्षरं असतात. मोजा घालणारी मुलगी घरी आईशी मराठी बोलते, रिक्षावाल्याशी कन्नड, आणि मोजा मात्र इंग्रजी.

ही तक्रार विद्यार्थ्यांबद्दल नाही. मोठ्या कंपन्यांनीही यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही, आणि त्यांच्या खेळण्यांना आता खेळणी म्हणता येणार नाही. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलरचा चष्मा बाजारात आणला. त्याच्यासोबत मनगटावर बांधायचा पट्टा येतो. मनगटातल्या स्नायूंचे विजेचे क्षीण संकेत वाचून बोटांनी काय केलं हे तो ओळखतो. ही विद्या कंपनीने २०१९ मध्ये ‘कंट्रोल लॅब्स’ विकत घेऊन मिळवली. ‘नेचर’मध्ये जुलै २०२५ ला आलेल्या तिच्या शोधनिबंधानुसार पेन धरल्यासारखी बोटं हलवून, कागदाशिवाय, मिनिटाला सुमारे २१ शब्द लिहिता आले. त्याआधी २०१८ मध्ये ‘टॅप स्ट्रॅप’ आलं होतं. पाच बोटांत पाच कडी, प्रत्येक कड्यात गती मोजणारा सेन्सर. टेबलावर, मांडीवर, उशीवर, कुठेही बोटं आपटा, फोनवर अक्षर येतं. ॲपलने २०२१ मध्ये घड्याळात सोय दिली ती याच जातीची. मूठ आवळली किंवा चिमूट केली की घड्याळातले गती-सेन्सर आणि नाडी पाहणारा प्रकाश-सेन्सर मिळून ती खूण समजतात. एक हात नसलेल्या माणसाला पडद्याला हात न लावता घड्याळ वापरता यावं म्हणून ती केलेली.

कल्पना मात्र जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा लोकांपुढे आणला, हे अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता. डाव्या हाताखाली काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. तिथे पाच कळांची एक छोटी पट्टी होती. हार्मोनियमवर एकदम दोन-तीन पट्ट्या दाबाव्यात तशा कळा दाबायच्या आणि त्या जोडीतून अक्षर काढायचं. माऊस जगभर गेला, पट्टी विस्मरणात गेली. पुढे बेल लॅब्जमधल्या गॅरी ग्राइम्स यांना १९८३ मध्ये एका हातमोज्याचं पेटंट मिळालं. तो मोजा हाताच्या खुणांतून अक्षरं संगणकात भरत असे. म्हणजे प्रदर्शनातला तो तारा लोंबणारा मोजा चाळिशी ओलांडून गेला आहे.

मग इतकी वर्षं अडलं कुठे? थोडं गणितात अडलं. अंगावरचा गती-सेन्सर स्थान सांगत नाही, तो त्वरण सांगतो. त्वरणावरून स्थान काढायचं तर दोनदा बेरीज करत जावं लागतं, आणि मूळ मापात जी बारीक चूक असते ती काळाच्या वर्गाने फुगते. सेन्सरची चूक गुरुत्वाकर्षणाच्या फक्त शंभराव्या भागाएवढी धरली, तरी एका सेकंदात बोटाचं स्थान पाच सेंटिमीटर चुकतं आणि दोन सेकंदांत वीस. साध्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेचा मध्य जेमतेम दोन सेंटिमीटरवर असतो. तेव्हा काल्पनिक कळफलकावर बोट नेमकं कुठे पडलं, हे स्वस्त सेन्सरने शोधणं म्हणजे पहिल्याच सेकंदाला अ च्या जागी भलतंच अक्षर. पण बोट आपटलं की नाही, आणि कोणतं आपटलं, एवढं हाच सेन्सर फार चांगलं सांगतो, कारण आपटण्याचा धक्का क्षणाचा असतो आणि चूक फुगायला वेळच मिळत नाही. टॅप स्ट्रॅपवाल्यांनी हे ओळखलं. त्यांनी स्थानाचा नाद सोडला आणि बोटांच्या जोड्या धरल्या. एकापासून पाचही बोटांपर्यंतचे सगळे मेळ धरले तर पाच बोटांच्या ३१ जोड्या होतात, इंग्रजीची अक्षरं २६. हिशोब बसला.

दुसरी अडचण शरीराची. हवेत बोटं नाचवून लिहिताना खांदे भरून येतात, आणि कळ दाबली गेल्याचं बोटाला कळत नाही, म्हणून डोळे सतत पडद्यावर खिळून राहतात. मांडीवर किंवा टेबलावर आपटलं तर निदान बोटाला उत्तर मिळतं.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती, ती फारशी आली नाही. कळफलक गेला, तर कळांवर छापलेली अक्षरंही गेली. मग त्या अक्षरांचा क्रम अजून कशासाठी सांभाळायचा?

क्वर्टी हा क्रम अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रातून आला. ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलं. लोखंडी दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून तो क्रम तसा केला, अशी गोष्ट सगळेच सांगतात. तारखात्यातल्या माणसांच्या सवयींमुळे तो तसा झाला, असंही काही अभ्यासक म्हणतात. कारण कुठलंही असो, ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीचं होतं, मराठीचं किंवा कन्नडचं नव्हतं. आपण मात्र तो क्रम घेतला आणि वर आपली अक्षरं चिकटवत बसलो. मराठी टंकलेखन यंत्रांवर जो रेमिंग्टन पद्धतीचा पाट होता, तो अक्षरांच्या आकारांचे तुकडे कळांवर वाटून बसवलेला. र्‍हस्व वेलांटी आधी, मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. गोदरेजने १९५५ पासून टंकलेखन यंत्रं बनवली, आणि अशा यंत्रांवर हात बसवण्यासाठी गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास निघाले. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला आजही मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. दहा बोटांनी, न बघता टाइप करणारी मराठी माणसं याच क्लासांनी घडवली. बाकीच्यांचा टायपिंगशी पहिला संबंध आला तो थेट मोबाइलवर, अंगठ्याने.

ऐंशीच्या दशकात वेगळा विचार झालाही होता. कानपूरच्या आयआयटीत आणि १९८८ पासून पुण्याच्या सीडॅक या सरकारी संशोधन संस्थेत जे काम झालं, त्यात मोहन तांबे यांचं नाव ठळक आहे. इनस्क्रिप्ट कळफलकाचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा आहे: भारतीय लिप्या दिसायला कितीही निराळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच सांगाड्याची आहे. म्हणून डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सर्व भाषांना तोच पाट. त्याचं प्रमाणीकरण १९८६ मध्ये झालं, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकात जागा दिली. हे किती खोल होतं, ते तलावाच्या गावाचं नाव टाइप करून पाहावं. ‘उणकल’ लिहायला इनस्क्रिप्टवर चार अक्षरं चार जागी सापडतात: शिफ्टसह जी, शिफ्टसह सी, मग के, मग एन. आता भाषा बदलून कन्नड करा. बोटं त्याच चार कळांवर, त्याच क्रमाने जातात. फक्त कन्नडमध्ये शेवटचा ल पाय मोडून लिहितात, म्हणून अखेरीस डी वरचा हलन्त एकदा जास्त. दोन भाषा, दोन लिप्या, एक हात.

ज्या प्रदेशात द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये करत, जिथे जी. ए. कुलकर्णी धारवाडमध्ये राहून आणि इंग्रजी शिकवून मराठी कथा लिहीत, तिथे तरी हा कळफलक हातोहात उचलला जायला हवा होता. तसं झालं नाही. कर्नाटकात के. पी. राव यांच्या उच्चारानुसारी मांडणीने बाजी मारली. कन्नड गणक परिषदेचं ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं, सरकारनेही ती स्वीकारली. तिच्यात इंग्रजीची के ही कळ म्हणजे क. सोपी, कारण ती कळ समोर दिसते. मराठीतही बहुतेकांनी रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवण्याची वाट धरली. यात कुणाच्या भाषाप्रेमात खोट नव्हती. बाजारात मिळणाऱ्या कळफलकावर इंग्रजी अक्षरं छापलेली, देवनागरीचे स्टिकर चार दिवसांत निघून जाणारे, मग माणूस समोर दिसेल तेच दाबणार.

इनस्क्रिप्ट हरलं ते छपाई हातात असणाऱ्यापुढे. भाषाशास्त्रात ते कुठेही कमी पडलं नव्हतं.

म्हणूनच अंगावरच्या सेन्सरची बातमी मराठी माणसाने कुतूहलापुरती वाचून बाजूला ठेवू नये. ज्या एका कारणामुळे क्वर्टी आपल्या गळ्यात पडला, ते कारण इथे उरत नाही. मांडीवर काहीही छापलेलं नसतं.

आणि तरीही सवय कशी चिकटते, हे पाहण्यासारखं आहे. २०१९ मध्ये ‘टिपटेक्स्ट’ नावाचं एक संशोधन आलं. तर्जनीच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवून लिहायचं, अशी ती कल्पना, आणि ती झकास आहे. पण त्या पेरावर, म्हणजे टिकलीएवढ्या जागेत, संशोधकांनी बसवलं काय? क्वर्टीच, आवळून, दाबून. शोल्स यांच्या यंत्राचे दांडे तिथेही आपापल्या रांगेत उभे! सरावलेल्या इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी त्याला काही अर्थ असेल. ज्याने आयुष्यात दहा बोटांनी टाइपच केलेलं नाही, अशा माणसाला त्या क्रमाचं काय कौतुक? आपल्याकडे बोटांची पेरं कशासाठी असतात, हे जपाची माळ नसलेली कुठलीही आजी सांगेल. अंगठा पेरांवर फिरवत मोजायची रीत इथे अंगवळणी पडलेली आहे.

वर्णमालेपासून सुरुवात करता येते, याचा पुरावा कल्पनेतला नाही, फोनमधला आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ आणलं. पडद्यावर क ख ग घ वर्गवारीने मांडलेले असतात. क वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु. बोट तिकडे सरकवलं की बाराखडीतलं ते अक्षर तयार. मराठीसाठी सुरू झालेलं हे चक्र कन्नडसह अनेक भाषांत गेलं, कारण सांगाडा तोच. पहिलीच्या पाटीवर शिकलेली बाराखडी हीच इथली वापराची पुस्तिका होती, दुसरी लागली नाही.

हेच बोटांच्या जोड्यांवर नेऊन पाहू. पाच वर्ग, पाच बोटं. क, च, ट, त, प. हा जुळून आलेला योगायोग असेल, पण तो लक्षात राहणारा योगायोग आहे, आणि शिकण्याच्या बाबतीत लक्षात राहणं म्हणजे अर्धी लढाई. मराठीत क ते म ही २५ आणि य ते ळ ही ९ धरून ३४ व्यंजनं, क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं सोडून. कन्नडमध्येही ३४च. एका हाताच्या ३१ जोड्यांत ती मावत नाहीत, तीन उरतात. पण ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहा महाप्राण अक्षरं आपापल्या अल्पप्राण भावंडाची जोड आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मिळून काढली, तर उजव्या हाताकडे फक्त २४ उरतात. डाव्या हाताच्या उरलेल्या चार बोटांच्या १५ जोड्या होतात. त्यांत मराठीच्या मात्रा आणि हलन्त बसतात, कन्नडचे र्‍हस्व ए आणि र्‍हस्व ओसुद्धा दाटीवाटीने बसतील. दोन्ही हात एकदम पडले की ‘कि’, ‘खो’, ‘ळू’ असं बाराखडीतलं आख्खं अक्षर एका ठोक्यात. अमेरिकी न्यायालयांतले लघुलेखक स्टेनोटाइपवर याच तत्त्वाने, अनेक कळा एकदम दाबून, उच्चाराच्या एकेका तुकड्यागणिक लिहितात, आणि त्यांच्या व्यावसायिक परीक्षेत मिनिटाला २२५ शब्दांचा वेग मागितला जातो. मांडीवर बोटं आपटणाऱ्याला तेवढा वेग कधीच येणार नाही. येऊ दे की ३०. टायपिंगच्या प्रमाणपत्राएवढा तर झाला.

ही मांडणी कागदावरची आहे. अनामिका आणि करंगळी स्वतंत्रपणे उचलणं बहुतेकांना जड जातं, तेव्हा त, र, न, क यांसारखी वारंवार येणारी अक्षरं सोप्या जोड्यांना द्यावी लागतील आणि वर्गांचा सुंदर हिशोब थोडा मोडावा लागेल. टॅप स्ट्रॅपवाल्यांनीही एकेका बोटाला इंग्रजीचे पाच स्वर दिले, कारण ते सतत येतात. नेमकं कुठे मोडायचं, हे प्रयोगाशिवाय कुणी सांगू शकत नाही. पण तो प्रयोग इंग्रजीसाठी झाला आहे, मराठीसाठी करायचा राहिला आहे, एवढं स्पष्ट आहे.

मेटाने धरलेली वाट निराळी, हस्ताक्षराची. बोट पेनासारखं फिरवायचं. देवनागरीसाठी ती वरकरणी अधिक सोपी वाटते. मग शिरोरेघ? प्रत्येक शब्दावर ती हवेत ओढत बसलं तर निम्मा वेळ रेघेतच जाईल. मोडी लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता: रेघ आधीच पानभर ओढून ठेवायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायचं. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तिथल्या जुन्या दप्तरांना मोडी परकी नाही. कन्नड अक्षरांना तर डोक्यावर अखंड रेघच नाही. यंत्राला देवनागरी शिकवणारा माणूस या गोष्टी जाणणारा असला तर रेघेचा आग्रह धरणार नाही. नसला तर धरेल, आणि मग मराठीत लिहिणं अवघड आहे, असा अहवालही देईल.

‘एवढं कशाला? आता तर बोललं की टाइप होतं,’ असा आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. मराठीत बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये आहे, ज्यांना लिहिणं जड जातं अशा लाखो माणसांना तिने मोकळं केलं आहे. पण उणकलवरून जाणाऱ्या हुबळी-धारवाडच्या भरल्या ‘चिगरी’ बसमध्ये बँकेचा खाते क्रमांक मोठ्याने कोण सांगेल? रुग्णालयातल्या वॉर्डात, वर्गात, भांडण झालेल्या घरात माणूस बोलत नाही, लिहितो. त्यात इकडची मराठी. एका वाक्यात ती दोनदा कन्नडच्या अंगणात जाऊन येते. बोलणं ऐकणाऱ्या यंत्राला आधी सांगावं लागतं की आता मराठी, आता कन्नड. बोटांच्या एकाच मांडणीला हा प्रश्न पडत नाही. लिपी बदलायला एक जोडी पुरते.

वेगाच्या बाबतीत फसवणूक करून घेऊ नये, हेही खरं. फोनवर लिहिणाऱ्या सुमारे ३७,००० लोकांच्या २०१९ मधल्या पाहणीत सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्द निघाला. ‘नेचर’मधल्या पट्ट्याचा २१. कचेरीतला कारकून उद्या कळफलक टाकून मनगटाला पट्टा बांधणार नाही, आणि त्याने बांधूही नये. ज्यांना पडद्यावरच्या कळा दिसत नाहीत, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना एकच हात आहे, त्यांच्यासाठी हिशोब पूर्ण वेगळा होतो.

इथेही जमिनीखाली पाणी आहे. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल, भारती ब्रेल, १९५१ मध्ये ठरली, आणि तिचं तत्त्वही तेच: क म्हणजे क, मग तो मराठीचा असो की कन्नडचा, टिंबं तीच. सहा टिंबांच्या ६३ जोड्या. गुगलने एप्रिल २०२० मध्ये अँड्रॉइड फोनच्या पडद्यावरच सहा बोटांनी ब्रेल लिहिण्याची सोय दिली, वेगळं यंत्र न घेता. म्हणजे अंध विद्यार्थी जोड्यांनी लिहिण्यात आपल्या सगळ्यांच्या दोन पिढ्या पुढे आहेत. अंगावरच्या सेन्सरची मराठी-कन्नड मांडणी ठरवायला बसणाऱ्या समितीत पहिल्या खुर्च्या त्यांना द्याव्यात. उपकार म्हणून नव्हे. बाकीच्यांपैकी कुणालाच हे काम येत नाही.

एक काळी बाजू आहे, आणि ती लहान नाही. मनगटावरचा जो सेन्सर लिहिलेलं ओळखतो, तो चोरूही शकतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की हातातल्या साध्या स्मार्टवॉचच्या गती-सेन्सरवरून, माणूस लॅपटॉपवर कोणता शब्द टाइप करतो आहे, याचा अंदाज बांधता येतो. घड्याळ एकाच हातात असतं, तरीही. पुढच्याच वर्षी बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या गटाने एटीएमसारख्या कळपाटीवर दाबलेला पिन पहिल्याच प्रयत्नात ८० टक्के अचूक ओळखून दाखवला, तीन प्रयत्नांत ९० टक्क्यांच्या वर. तेव्हा बोटांच्या हालचालींची नोंद म्हणजे पावलं मोजण्याची निरुपद्रवी आकडेवारी नव्हे. ती आवाज आणि अंगठ्याच्या ठशाच्या पंक्तीला बसायला हवी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम लावताना हा मुद्दा धसास लावायला कुणी तरी पुढे यायला हवं. पावलं मोजणारी ॲप्स आजही हाच सेन्सर वाचतात, आणि त्यासाठी माणसाकडून वेगळी परवानगी मागितली जातेच असं नाही.

आता काम कुणाचं? मेटाने २०२४ मध्ये मनगटी संकेतांचा एक संच संशोधकांसाठी खुला केला. १०८ माणसं, ३४६ तास, सगळी क्वर्टीवर दहा बोटांनी टाइप करणारी. यंत्र शिकतं ते यातून. ज्या भाषेची बोटं या संचात नाहीत, त्या भाषेला पुढे भाषांतराच्या खिडकीतून आत यावं लागेल, रोमनचा हात धरून, जसं कळफलकाच्या काळात झालं. बोलण्याच्या बाबतीत सरकारला हे वेळीच उमगलं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ प्रकल्पातून आणि चेन्नईच्या आयआयटीतल्या ‘एआय फॉर भारत’मधून भारतीय भाषांच्या आवाजाचे साठे तयार झाले, खुले झाले. बोटांच्या बाबतीत असा एकही सरकारी उपक्रम दिसत नाही. बेळगावच्या सीमेवरून दोन राज्यं भांडतात ते भांडोत, पण पुण्याचं सीडॅक आणि धारवाड-हुबळीची विद्यापीठं यांनी एका पाटावर बसायला कुणाची हरकत नसावी. वर्णमाला दोघांचीही तीच आहे.

आणि खर्चाचं कारण सांगता येणार नाही. चार मिलिमीटर लांब-रुंद, तीन अक्षांवरचं त्वरण आणि तीन अक्षांभोवतीची फिरकी मोजणारा सेन्सर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. पाच बोटांना पाच, दोन हातांना दहा. मेटाच्या संचात होती त्या १०८ माणसांएवढी माणसं विद्यानगरच्या एखाद्या वसतिगृहाच्या एका मजल्यावर राहतात, आणि त्यांपैकी कित्येकांना मराठी आणि कन्नड दोन्ही येतात, जी अट मुंबईत किंवा बंगळुरात पूर्ण करायला वणवण करावी लागेल. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्षाचे प्रकल्प वाटले जातील तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापकांनी मोज्याचा विषय नाकारू नये. एवढीच अट घालावी की मोज्याला ळ लिहिता आला पाहिजे, नोंदी खुल्या ठेवल्या पाहिजेत, आणि बोटं देणाऱ्या प्रत्येकाची संमती त्याला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, आधी लिहून घेतली पाहिजे.